गोजाबाईची पाटी

कुसुमताईंना काय जातंय सांगायला! पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या पायाला लागणारा दगड आमची माणसं खाणीतून काढत होती. स्वराज्य आलं, आता बायांनी शिकलं पाहिजे, म्हणून कुसुमताई चिंचवडहून टांग्याने यायच्या आणि आम्हा खाणकामगारांच्या बायकांना मारुतीच्या देवळात अक्षरं शिकवायच्या. बाई मायाळू, पण घरचा माणूस रोज सुरुंगाच्या तोंडाशी जातो म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट सांगितली. नवरा पुरात बुडतो आणि ती काठावर वाट बघत राहते. मग म्हणाल्या, "आता तुम्हीच ती बाई व्हा. तिच्या तोंडचं लिहा. 'मी' म्हणून."

बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला मात्र चेव आला. वर्गात माझ्याइतकं भराभर कुणालाच लिहिता येत नव्हतं, आणि मला ते मिरवायची भारी हौस. नावेत मी जन्मात बसले नव्हते, म्हणून नदीच्या जागी खाण घातली. लिहिलं, 'मी खाणवाल्याची बायको. माझा धनी सुरुंगात गेला. मी भाकरी झाकून बसले आहे.'

कुसुमताईंनी शाबासकी दिली. मग मी ते मनाशी वाचलं आणि दचकले. 'मी' म्हणजे मीच की! घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तर देवाच्या दारात बसून लिहिलं होतं. पदराने पाटी खसाखसा पुसली.

शेजारच्या खोलीतली गोजाबाई, चिमाजीची बायको, पाणी भरून उशिरा आली होती. गोष्ट तिने ऐकलीच नव्हती. तिला अजून वाचता येत नव्हतं, पण माझ्या पाटीवरचं बघून ती हुबेहूब काढायची. मी पुसेपर्यंत तिचं उतरवून झालं होतं.

"गोजे, पूस ते."

"का गं? कवा न्हाई ते सरळ आलंय. आमच्या मानसाला दावते." तिने पाटी छातीशी धरली.

कारण सांगायला मी तोंड उघडलं. पण तेच शब्द पुन्हा तोंडाने काढायचे? माझी छाती झाली नाही. मला माझ्या कुंकवाची पडली होती.

खाणीवर बार उडवायची रीत ठरलेली. आधी शिट्टी, मग लाल निशाण, माणसं लांब गेली की मगच बार. शिट्टी वाजली की भाकरी थापता थापता आमचे हात थांबायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी झालीच नाही. नुसता बार झाला.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी धावले. 'मी पुसलंय, मी पुसलंय,' एवढंच पुटपुटत होते. वाटेत धुळीने पांढरी झालेली माणसं समोरून आली. त्यांत आमचे हे होते. सदरा रक्ताने भिजलेला, पण चालत होते. मी रस्त्यातच बसकण मारली.

"माझं न्हाई हे रगात," ते म्हणाले. "चिमाजीचं हाय. चिमाजी गेला."

मला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाचीच भीती वाटली.

चिमाजीची माती झाल्यावर आम्ही बायका गोजाबाईजवळ जाऊन बसलो. पाटी कोनाड्यात उभी होती, अक्षरं जशीच्या तशी. माझं दुसरीकडे लक्षच लागेना. बायका पाण्याला उठल्या, तसा मी ओला पदर घेऊन हात पुढे केला.

"पुसू नगंस, इंद्रायनी," गोजाबाई एकदम म्हणाली. "त्येनी बघितली व्हती. वाचाया कुठं येतंय, पर दिव्याम्होरं धरून लई येळ बघत बसलं. म्हनलं, माझ्या बायकूचं अक्षर बग कसं वळनदार." तिने पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "काय लिवलंय गं त्यात? वाच की."

मी पहिल्या शब्दावर बोट टेकवलं आणि खोटं वाचायला लागले. "मी गोजाबाई. माझा धनी खाणीवर जातो. मी त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवते."

ती रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने पाटी उंच खुंटीला टांगली.

"ऱ्हाऊ दे तितं. वर्ग मी सोडनार न्हाई. मला वाचाया आलं, की रोज एकदा वाचीन."

ती टाचा उंच करून पहिल्या शब्दावरून बोट फिरवत होती.

"ह्यो 'म' न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.