पाठीला पोर, पुढे भारा

थोरल्या सुनेला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. सून बाळंतीण, मुलगा दूर बोटीवर कामाला, आणि म्हाताऱ्याची कंबर गवत उचलून उचलून कायमची धरलेली. कुरणातलं गवत वाळून गोल गठ्ठे बांधून तयार होतं, पण ते कोठारात न्यायचं कुणी? म्हातारीच्या धाकट्या दिरानं तोड काढून ठेवली होती, की गायी त्याच्या गोठ्यात न्यायच्या. वहिनी, आता तुमचं वय बसून खायचं, असं तो गोड बोलायचा. त्या गोडातलं कडू म्हातारीला कळत होतं. गायी गेल्या की गोठ्यात नुसती दावी उरणार होती.

तिनं ठरवलं, ट्रॅक्टर घ्यायचा आणि आपणच चालवायचा.

दुकानात म्हाताऱ्याला भावाच्या ट्रॅक्टरएवढं धूड हवं होतं. दुकानदारही तेच पुढं करत होता. म्हातारीनं मात्र घरून एक काठी आणली होती, कोठाराच्या दाराइतकी उंच. सासरे बुटके. त्यांनी दार आपल्या मापाचं केलं आणि पुढच्या पिढ्यांच्या कपाळाला टेंगळं देऊन गेले. त्या काठीपुढं एकेक धूड नापास झालं. शेवटी कोपऱ्यातला जुना, लाल, ठेंगणा ट्रॅक्टर तेवढा काठीखाली बसला.

गठ्ठाही तिनं दिराच्या ट्रॉलीत घालून आणला होता. उचलून दाखवा, म्हणाली. ट्रॅक्टरच्या पुढं बसवलेले उचलायचे लोखंडी दात गठ्ठ्यात रुतले, गठ्ठा वर गेला आणि मागची चाकं जमीन सोडून हवेत. सल्ला द्यायला म्हणून आलेला दीर पोट धरून हसला.

"वहिनी, हा तर तुमच्या पाया पडतोय."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. म्हातारी त्या हवेतल्या चाकांकडे बघत राहिली. मुलगा तान्हा असताना ती त्याला पाठीला बांधून, छातीशी गवताचा भारा धरून चढ चढायची. नुसता भारा घेतलेल्या बाकीच्या बाया पुढं झुकून धडपडायच्या, ती कधीच नाही.

"त्याच्या पाठीला पोर बांधा," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं, मागं लोखंडी पेटी अडकवा, तीत दगड भरा. पेटी कमी पडली तर आमचे भाऊजी आहेतच. आता हसायची पाळी म्हाताऱ्याची होती, तो कंबर धरून हसला. दुकानदार खाकरला. तशी पेटी मागच्या शेडमध्ये पडून होती, पण मोठं धूड खपावं म्हणून त्यानं तोंड शिवून घेतलं होतं. पेटी आली, दगड भरले, गठ्ठा पुन्हा वर गेला आणि मागची चाकं जागची हलली नाहीत.

घरी म्हातारी स्टिअरिंगवर वाकली आणि गठ्ठ्यासकट दारातून आत गेली. दिवस मावळायच्या आत कुरण मोकळं झालं. दिराचं यंदाच घेतलेलं धूड त्याच्या कोठाराच्या तशाच बुटक्या दारात अडून बसलं होतं आणि आभाळ भरून येत होतं. तो कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमचा बुटका घटकाभर देता का?"

"देते. पण नाव जपून घ्या, ते तुमच्या वडिलांचं आहे."

त्याचे गठ्ठेही तिनंच आत टाकले. गायींचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, हंगामातला शेवटचा गठ्ठा स्वतः कोठारात टाकल्यानंतरच्या आठवड्यात, म्हातारी वारली.