कारणाचा रकाना

मिस्त्रींना चष्मा विसरण्याचा आजार होता. बँकेत गेले की चष्मा घरी राहिलेला असे, घरी कागद आला की तो कामावर असे. शेवटी मुलाने चष्म्याला दोरी बांधून गळ्यातच अडकवला. तेव्हापासून मिस्त्रींचे डोळे चुरचुरू लागले.

खरी गोष्ट एवढीच होती, की मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. आकडे येत, तेही पक्के. इंच, फूट, विटा, गोण्या यात कोणी त्यांना फसवू शकलं नाही. सही ते चित्र काढावं तशी काढत आणि चित्र म्हणून ती उत्तम होती. अक्षरं मात्र राहून गेली होती. आयुष्यभरात त्यांनी दोन शाळा बांधल्या, पण आत बसायचा योग आला नाही. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती हे गुपित बरोबर घेऊन गेली, त्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

गाडी अडली ती नातीपाशी. तिला गोष्टीची पुस्तकं मिस्त्रीच वाचून दाखवत. चित्र बघायचं आणि द्यायचं ठोकून. एकाच पुस्तकातला कोल्हा एकदा चोर निघे, एकदा गवंडी, एकदा गवंड्याचे पैसे बुडवणारा मालक. नातीला त्यात काही वावगं वाटत नसे. मग ती पहिलीत गेली आणि एक दिवस ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, इथे असं नाही लिहिलेलं."

मिस्त्रींनी त्या दिवशी डोळे चुरचुरतात म्हणून पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ते नवव्या मजल्यावरून चौथ्यावर गेले. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहत. मिस्त्रींनी दारातच सगळं सांगून टाकलं आणि वर अट घातली, की हे कोणाला कळता कामा नये. बाईंनी पाटी नव्हती म्हणून भाजी चिरायच्या फळीवर खडूने पहिलं अक्षर काढून दिलं.

काम सोपं नव्हतं. भिंत खालून वर चढते आणि अक्षर मात्र वरच्या रेघेला लोंबतं. जन्मभराची सवय उलटी करायची म्हणजे थट्टा नाही. मिस्त्री आधी अक्षराचा पाया घालत, मग वर रेघेचा स्लॅब टाकत. बाईंनी महिनाभर विरोध केला आणि मग सोडून दिला, कारण अक्षरं ओळंब्यात येत होती. नात शाळेतून पाचला येई, सून कचेरीतून सहाला, आणि मुलगा तर फिरतीवरच. चार ते पाच मिस्त्री खाली बाकावर बसतात, अशी घरच्यांची समजूत होती.

अशा वेळी इमारतीला नवी लिफ्ट आली.

ती केली होती मिस्त्रींच्याच सुनेने. म्हणजे लोखंड, दोर वगैरे इतरांनी. सुनेने तिला अक्कल घातली होती. लिफ्ट चेहरा ओळखायची, कोण कधी कुठे जातो ते लक्षात ठेवायची आणि आत आलेल्या माणसाला बटण दाबायचे कष्टही पडू द्यायची नाही. कंपनीने या सोयीचं नाव 'आपुलकी' ठेवलं होतं. पहिला प्रयोग आपल्याच इमारतीत व्हावा म्हणून सुनेने हट्ट धरला आणि मिस्त्रींनी पहिले चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं, की हे आमच्या सूनबाईंचं काम.

पाचव्या दिवशी ते लिफ्टमध्ये शिरले तेव्हा आत गच्चीवरून उतरणारे सेक्रेटरी होते आणि वाळवण घालून परतणाऱ्या आठव्या मजल्यावरच्या दोघी जावा होत्या. लिफ्ट गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, मिस्त्रीकाका. नेहमीप्रमाणे चौथा मजला?"

घात केला तो 'नेहमीप्रमाणे'ने. चौथ्या मजल्यावर दोन घरं आणि त्यातलं एक बंद. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, यावरूनच मिस्त्रींनी ओळखायचं ते ओळखलं. संध्याकाळी सेक्रेटरी त्यांना खाली भेटले आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर सहज म्हणाले, "काका, चौथ्या मजल्यावर वारा बरा येतो म्हणे."

मिस्त्रींनी हे बाईंना सांगितलं तेव्हा बाई पोटभर हसल्या. एकाहत्तराव्या वर्षी आपल्याबद्दल कोणी काही बोललं याचं त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. जरा उशीर झाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मग त्या गंभीर झाल्या. खरं काय ते आपण सांगून टाकू, शिकणं ही काही चोरी नाही, असं त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मान हलवली. लोकांनी त्यांना रंगेल म्हातारा म्हटलेलं त्यांना परवडत होतं. अंगठेबहाद्दर म्हटलेलं परवडत नव्हतं, आणि तेही नातीच्या कानावर जाईल असं तर मुळीच नाही.

त्यांनी जिना धरला. नवव्यावरून चौथ्यावर उतरताना गुडघे कुरकुरत, आणि चढताना गुडघ्यांच्या जागी मिस्त्री. तिसऱ्या दिवशी कचेरीत बसलेल्या सुनेच्या फोनवर लिफ्टचा निरोप गेला, की घरातल्या ज्येष्ठांची दिनचर्या बिघडली आहे, चौकशी करावी. ही 'आपुलकी'ची आणखी एक सोय होती. सून बिचारी काळजीने लवकर घरी आली. मिस्त्री जिन्यात सातव्या मजल्यावर दम खात बसलेले सापडले. व्यायाम करतोय, म्हणाले.

मग त्यांनी युक्ती केली. लिफ्टने सहाव्यावर जायचं आणि तिथून दोन मजले गुपचूप उतरायचं. सहाव्यावर दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको राहत. लिफ्ट आठवडाभर विचारात पडली आणि पुढच्या सोमवारी भरल्या गर्दीत तिने प्रेमाने विचारलं, "चौथा की सहावा?"

सेक्रेटरींना खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मिस्त्री सुनेला म्हणाले, "सूनबाई, त्या लिफ्टचं तोंड बंद कर."

सून वाईट माणूस नव्हती. तिने लगेच वही पुढे ओढली आणि आवाज मोठा आहे का, मजला चुकतो का, असं सगळं विचारलं. मजला चुकत नाही हीच तक्रार आहे, हे मिस्त्रींना सांगता येईना. मग तिने समजावलं, की शंभरातल्या ब्याण्णव लोकांना लिफ्ट आवडलीय, आणि एकट्या सासऱ्याच्या शब्दावर ती बदलली तर कंपनीत लोक हसतील. तक्रार लेखी हवी. छापील अर्ज आहे, त्यात कारणाचा रकाना आहे, तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

"तुम्ही सांगा, बाबा, मी लिहिते," ती नेहमीसारखं म्हणाली. घरातले सगळे अर्ज तीच लिहायची.

"नको," मिस्त्री म्हणाले. "मी लिहीन."

तिला वाटलं, रागावले.

अर्ज घेऊन मिस्त्री चौथ्या मजल्यावर गेले, उघड, लिफ्टने. बाईंनी उत्साहात तीन परिच्छेदांचा मजकूर सांगायला घेतला. त्यात खासगी आयुष्य होतं, मूलभूत हक्क होते आणि निदान चार जोडाक्षरं होती. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. बांधायचं मला आहे, विटाही मीच मोजणार, असं म्हणून ते कामाला लागले. पाच दिवस लागले. दोन कोरे अर्ज वाया गेले, तिसरा उभा राहिला. कारणाच्या रकान्यापाशी ते सगळ्यात जास्त थांबले. कोण कुठे जातो हे कळू नये असं वाटत असेल, तर कुठे जातो ते आधी सांगा, असा तो रकाना होता. हे ज्याने बांधलं त्याने दार भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसवलंय, असं मिस्त्री म्हणाले, आणि मग आठवलं की बांधलंय सुनेने.

रविवारी सकाळी कंपनीचे साहेब आले. तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी पडद्यावर ब्याण्णवचा आकडा दाखवला, सुनेचं कौतुक केलं आणि कोणाची काही सूचना, असं विचारलं, ते विचारायचं म्हणूनच. मिस्त्री उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, पण उठले. अर्ज साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी मोठ्याने वाचला. "माझा मजला लिफ्टने बोलू नये. लक्षातही ठेवू नये. बटण मी दाबीन." ते थांबले. "कारण: आहे. सांगणार नाही."

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, "काका, कारण दिल्याशिवाय हे पुढे जाणार नाही."

"दिलंय," मिस्त्री म्हणाले. "परत वाचा."

साहेबांनी कागद सुनेकडे सरकवला, घरचाच माणूस म्हणून. सुनेने तो घेतला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. सासऱ्याची सही तिने शंभरदा पाहिली होती. सहीखेरीज त्यांचं एकही अक्षर लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. इथे तीन ओळी होत्या. प्रत्येक अक्षर जाड, सरळ, रचलेलं, आणि वरची रेघ मागाहून ठोकून बसवलेली. तिने वर पाहिलं. चष्मा सासऱ्यांच्या नाकावर होता आणि डोळे चुरचुरत नव्हते. मागच्या रांगेत चौथ्या मजल्यावरच्या बाई, आपलं पोर बक्षीस घ्यायला गेल्यासारख्या, ताठ बसल्या होत्या.

विचारायला तिने तोंड उघडलं. विचारणं हाच तिचा धंदा होता. पण ते तोंड तिने मिटलं आणि साहेबांना म्हणाली, "कारण पुरेसं आहे."

साहेब म्हणाले, एका माणसासाठी यंत्रणा बदलता येत नाही. तेवढ्यात डॉक्टर उठले आणि माझाही असाच अर्ज लिहून घ्या, म्हणाले. कारण त्यांनीही सांगितलं नाही. मग दोघी जावांपैकी धाकटी उठली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि मग तीही उठली. प्रत्येक मजल्यावर सांगता न येण्यासारखं काही ना काही असतं, हे ब्याण्णवच्या आकड्यात कुठेच आलं नव्हतं. अर्ज संपले. सेक्रेटरी सगळ्यात शेवटी आले आणि साहेबांच्या कानाशी लागून कोरा कागद चालेल का, असं हळूच विचारू लागले.

'आपुलकी' काढायला सुनेला आठ दिवस लागले. साठवलेलं सगळं तिने पुसलं आणि चौथ्या मजल्याची नोंद न उघडता पुसली. अर्जातला कारणाचा रकानाही तिने कंपनीशी भांडून काढायला लावला. त्या भांडणात तिची बढती लांबली, पण घरी तिने ते सांगितलं नाही. तिच्याकडेही आता एक न सांगायची गोष्ट झाली.

नवव्या दिवशी ती दुपारी घरी होती. चारला बाहेर पडली आणि मिस्त्रीही निघाले. दोघं लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट गप्प उभी राहिली. सुनेचं बोट सवयीने बटणांकडे गेलं, अर्ध्या वाटेत थांबलं. मग ती वळली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून, जणू तिथे काही वाचण्यासारखं लिहिलंय अशी, उभी राहिली.

मिस्त्रींनी बटण दाबलं.