सलाईनचा हात

वॉर्डातल्या पेशंटांनी त्या सिस्टरचं नाव ‘डास’ ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. सुई कधी गेली नि कधी निघाली, पत्ता लागायचा नाही. “डास येऊन गेला की काय?” एखादा म्हातारा विचारायचा, तोवर त्याच्या रक्ताची नळी ट्रेमध्ये जाऊन बसलेली असायची. बाकीच्यांनी हात टेकले की हिला बोलावणं यायचं. नव्याने लागलेल्या मुलींना रक्त घ्यायला शिकवायचीही हीच, आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट त्यांच्याकडून घोकून घ्यायची. सलाईन चालू असलेल्या हाताला हात लावायचा नाही. बाटलीतलं पाणी रक्तात मिसळतं आणि तपासणीत भलतंच निघतं.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजीचं रक्त मात्र डासाच्याही नाकी नऊ आणायचं. आजी लघवीच्या जंतुसंसर्गाने आलेली, तापाने खंगलेली. पोटात अन्न ठरत नव्हतं म्हणून डाव्या हाताला साखरेच्या पाण्याची सलाईन लावली होती. राहिला उजवा हात. तो रोजच्या टोचण्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. ट्रे दिसला की आजी तो हात पांघरुणात दडवायची, लहान मूल खाऊ दडवतं तसा. मग तिची लेक तो हळूच बाहेर काढायची, “आई, एकदाच गं,” म्हणायची आणि स्वतः तोंड फिरवून बसायची. दोन पोरं जावेच्या गळ्यात घालून ती आईजवळ राहिली होती. भाऊ दूर होता आणि फोनवरून सूचना द्यायला पटाईत होता.

त्या सकाळी उजव्या हाताची एकही शीर सापडेना. एकदा टोचलं, काही आलं नाही. जरा वर टोचलं, दोन थेंब आले आणि थांबले. आजी ओरडली नाही. तिने नुसतं लेकीकडे पाहिलं, आणि ते पाहणं लेकीला नि सिस्टरला, दोघींनाही सहन होण्यासारखं नव्हतं.

“सिस्टर, तुमच्या पाया पडते,” लेक म्हणाली, “त्या हाताला सुई लावलेलीच आहे ना? त्यातूनच घ्या की. पुन्हा नका टोचू तिला.”

“तसं चालत नाही हो ताई.”

“एक दिवस. फक्त आजचा.”

सिस्टरला कीव आली. एवढंच झालं. तिने सलाईनची चकती फिरवून थेंब बंद केले, जरा वेळ थांबली, आधी थोडं रक्त काढून टाकून दिलं आणि मग डाव्या हातातल्या त्या सुईतूनच नळी भरून घेतली. एवढं केल्यावर काही बिघडणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आजीला काही कळलंही नाही. लेकीचे डोळे भरून आले.

“तुम्ही एकट्याच माणूस आहात इथं,” ती म्हणाली. सिस्टरला ते ऐकून बरं वाटलं. तिने थेंब पुन्हा सुरू केले आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

दुपारी ती घरी गेली. तिच्या मागे रिपोर्ट आला, साखर बेसुमार वाढलेली. आजीचा मधुमेह जुनाच, अंगात ताप, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र होतं, पण त्याच्या पट्ट्या सकाळीच संपल्या होत्या. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं. दुपारच्या सिस्टरने लिहिलं होतं तेवढं दिलं, थोड्या वेळाने परत दिलं. आजी झोपली. कपाळावर घाम आला तो लेकीने पदराने टिपला. कितीतरी दिवसांनी आई शांत झोपली म्हणून तिने पडदा ओढला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खुणेने गप्प केलं. संध्याकाळी औषधासाठी उठवायला गेले तेव्हा आजी उठेना. पट्ट्या आणवल्या, साखर बघितली, तर जवळजवळ उरलीच नव्हती. मग धावाधाव, शिरेतून साखर. आजीने डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डास ड्युटीवर आली आणि तिने तो रिपोर्ट वाचला. साखर भरमसाट, आणि पाणी मिसळल्यावर होतं तसं रक्तातलं मीठ नेमकं कमी. तो आजीच्या रक्ताचा रिपोर्ट नव्हता, बाटलीचा होता. ती तशीच डॉक्टरांकडे गेली आणि काय केलं ते सगळं सांगून, लिहूनही देऊन मोकळी झाली. डॉक्टरही तिच्यासारखेच फिके पडले.

मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या, तिला औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या. “डॉक्टरांना सांगितलंस, लिहून दिलंस, बास. आता नातेवाइकांपुढे ब्र काढायचा नाही. तू बोललीस म्हणून ती बाई उठून बसणार आहे का?”

“नाही.”

“मग गप्प राहा. अगं, सगळ्यांच्याच हातून होतं.”

गप्प राहणं सोपं नव्हतं. रोज सकाळी आजीचं रक्त घ्यावंच लागायचं, आणि आता ती ते उजव्या हातातूनच घ्यायची, कितीही वेळ लागो. आजी हात दडवत नव्हती. हात जिथे ठेवावा तिथे राहायचा. लेक शेजारी बसून म्हणायची, “बघा, किती हलका हात आहे तुमचा, तिला कळतही नाही.” सिस्टरला आपला तो हात तोडून टाकावासा वाटायचा.

आठवडा उलटायच्या आत आजी गेली.

कागदपत्रं उरकून लेक निघाली ती सिस्टरला शोधत जिन्याजवळ आली. डोळे सुजलेले, हातात आईच्या कपड्यांची पिशवी. ती वाकायला गेली तशी सिस्टर मागे सरकली.

“तुम्ही तिचं फार केलंत,” लेक म्हणाली. “भाऊ विचारतोय, एका दिवसात एवढं काय बिघडलं, तू तिथे बसून काय करत होतीस. त्याला काय सांगू?”

आता गप्प राहणं म्हणजे चोरी झाली असती. सिस्टरने सांगितलं. “आईंची साखर वाढलीच नव्हती. सलाईनच्या हातातून रक्त घेतल्यामुळे ती वाढलेली दिसली. त्या रिपोर्टवर इन्सुलिन दिलं गेलं आणि त्याने त्या गेल्या.”

लेकीला ते एकदम समजलं नाही. मग समजलं. पिशवी तिने छातीशी धरली.

“पण ते तर मीच...” ती म्हणाली. “मीच म्हटलं होतं तुम्हाला, त्या हातातून घ्या म्हणून. आणि ती झोपली तेव्हा मी पडदा ओढला. कुणाला उठवू दिलं नाही.”

ती भिंतीला टेकली. सिस्टरला कळलं की आपण खरं बोललो आणि त्याचं सगळं ओझं भलत्याच बाईच्या डोक्यावर जाऊन बसलं. ही बाई आता ते जन्मभर उतरवणार नव्हती.

“तुम्ही काही म्हणाला होतात?” सिस्टर म्हणाली. “माझ्या लक्षात नाही. म्हणाला असाल तरी मी ऐकलं नव्हतं.”

“नाही, तुम्ही म्हणालात, चालत नाही. मी पाया पडते म्हटलं—”

“अहो, रोज दहा जणी पाया पडतात. तेवढ्यावर कुणी नियम मोडत नाही.” तिने आवाज मुद्दाम कोरडा केला. “मला कंटाळा आला होता. उजव्या हाताची शीर शोधत कोण बसणार, वॉर्ड उरकायचा होता. म्हणून डाव्यातून घेतलं.”

लेक तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू घट्ट होत गेलं. ती भिंतीपासून सुटी झाली आणि सरळ उभी राहिली.

“कंटाळा,” ती म्हणाली.

“हो.”

“माझ्या आईचा.”

सिस्टरने मान हलवली.

“आणि मी तुमच्या पाया पडायला आले होते.” लेकीने पिशवी काखेत मारली. “तक्रार कुठे करायची असते?”

“खाली, डाव्या हाताचं ऑफिस,” सिस्टर म्हणाली. “माझंच नाव द्या. दुसऱ्या कुणाचं नको.”