पेत्राच्या पपईतलं निळं बी

मनोंग सेबिओंचा जबडा धरला, तेव्हा ते दाताच्या डॉक्टरकडे न जाता माझ्याकडे आले. शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. वीस वर्षं मुलांच्या मागे उभी राहून कानावर पडलं तेवढं शिकले. हवाई बेटावरच्या पुना भागातले, फिलिपिन्सहून आलेले आमचे इलोकानो लोक तेवढ्यावरच मला शास्त्रज्ञ समजतात, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही.

त्यांनी पिशवीतून एक पपई काढून टेबलावर ठेवली. चेंडूसारखी गोल.

"फेली, हिचं बी तपासून दे. तुमची पोरं तपासतात तसं."

"आणि दाताचं काय?"

"तिथे दात आहे कुठे? पेत्रा होती तेव्हाच पडला तो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती रागावली आहे गं."

पेत्रा म्हणजे त्यांची बायको; थोरल्याला आम्ही मनोंग म्हणतो, थोरलीला मनांग. तिला जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी मनोंग तिच्या कबरीवर अटांग ठेवतात: चिकट भात, एक सिगारेट, आणि तिच्याच झाडाची पपई मधोमध कापून. मेलेल्याला नको ते वाढलं तर जिवंताचा जबडा धरतो, तोंड वाकडं होतं, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

पेत्राला नको होती ती नवी पपई. रिंगस्पॉट व्हायरसने पुनातल्या बागाच्या बागा पिवळ्या पाडून मारल्या, तेव्हा सगळ्यांनी तीच लावली. त्या व्हायरसचंच एक जनुक तिच्यात घातलेलं असतं. त्यामुळे खरा व्हायरस आला की ती त्याला ओळखते आणि परतवते. पेत्रा म्हणाली होती, "माझी झाडं ज्याने मारली त्याचा तुकडा मी जिवंतपणी खाणार नाही, आणि मेल्यावरही कुणी वाढू नका." मनोंगनी तरीही सगळ्या शेतात नवीच लावली. पोट कुणाला चुकलंय?

तिने घरामागे जुन्या बियांचं एकच रोप जगवलं. ते निघालं मादी. मादीच्या गोल फळांना बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून फुलं दिसली की आम्ही मादी रोपं उपटून टाकतो. मनोंग उपटायला गेले तर पेत्रा आडवी आली. "बाई आहे, राहू द्या." ते झाड आठ वर्षं उभं होतं, छपराच्या दीडपट उंच, पानावर एक डाग नाही.

मनोंगना तेच कुरतडत होतं. "आजूबाजूची सगळी जुनी झाडं मेली, मग हे का नाही मेलं? माझ्या हातून बिया तर बदलल्या नाहीत ना? सहा वर्षं मी तिला तेच भरवतोय का, एवढंच सांग."

नव्या पपईत खुणेचं म्हणून आणखी एक जनुक असतं. बी दाबून आतला पांढरा कोंब काढायचा, औषधाच्या थेंबात बुडवून रात्रभर ठेवायचा. खूण असेल तर कोंब निळा होतो. मी बारा कोंब घातले. सकाळी त्यातले सात शाईसारखे निळे.

शाळेच्या फाटकाशीच मी मनोंगना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, "बरं" म्हणाले, आणि गेले. दुपारी झाड तोडलं.

दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गासमोर मी माझ्या निळ्या कोंबांची ऐट मिरवत होते. कालेआ नावाची एक मुलगी नळी उजेडात धरून म्हणाली, "आंटी, हा कोंब कुणाचा?"

"झाडाचा."

"झाडाचा कसा? कोंब म्हणजे बाळ. आणि मादी झाडाला बापाशिवाय बाळ होतं का? तुम्हाला तर तीन आहेत, तुम्हाला माहीत हवं!"

वर्ग खिदळला. मीही हसले. मग तिच्या हातातली नळी घेऊन मी परत पाहिली.

पराग शेतातल्या नव्या झाडांचे. निळा रंग बापाकडून आलेला. झाड कसलं आहे ते पाहायचं तर पान तपासायला हवं होतं. पान, साल, गर, सगळं आईचं असतं. मी लेकरं तपासली आणि आईला दोषी ठरवलं.

धावत गेले. झाड आडवं पडलं होतं, पोकळ खोडाच्या कडेला चीक सुकलेला. वाऱ्यावर ज्वालामुखीचा गंधकाचा वास होता. घराच्या मागच्या खिडकीतून कुणीतरी नुकतंच बाजूला झाल्यासारखं वाटलं. मनोंग तर समोर अंगणात बसले होते. मी एक पान तिच्या झाडाचं खुडलं, एक शेतातल्या रांगेतलं.

शेतातलं पान निळं झालं. पेत्राचं नाही झालं. दोनदा करून पाहिलं, मग परत मनोंगच्या घरामागे गेले.

"म्हणजे गर तिचाच होता?" मनोंगनी विचारलं.

"तिचाच."

"मग रोग का नाही लागला?"

"तुमच्यामुळे. मावा रोग घेऊन येतो. तो आधी तुमच्या रांगांवर बसायचा, सोंडेला लागलेला रोग तिथेच पुसला जायचा. चारी बाजूंनी तुमची झाडं तिला राखत होती."

त्यांनी खुंटावरचा सुकलेला चीक नखाने खरवडला. शिवी देतील तर बरं, असं मला वाटत होतं.

"त्या दिवशी मी तिची माफी मागितली, फेली. न केलेल्या गुन्ह्याची. वर तिचं झाडही पाडलं. आता तू जा."

"कुठे?"

"तिच्याकडे. मी सांगितलं तर म्हणेल, हा स्वतःची सुटका करून घेतोय. तपासलंस तू, चुकलीस तू. नीट समजावून सांग. चौथी शिकलेली होती, मोठे शब्द नकोत."

भर दुपारी मी गेले. काळ्या लाव्ह्यावर पांढरे क्रूस, माणूस एकही नाही. मी घसा साफ केला.

"मनांग पेत्रा, पान तुमचं होतं. गरही तुमचाच. बियांमध्ये तेवढा शेजारचा बाप होता. मी पान बघायचं सोडून बी बघितलं. मनोंगनी तुम्हाला नको ते वाढलं नाही. झाड माझ्या शब्दावर पडलं."

एवढं बोलून थांबले. मागे, उजव्या खांद्याजवळ, काही विचारण्याआधी माणूस घेतो तसा श्वास घेतल्याचा आवाज आला. मी वळले नाही. काय विचारायचं असेल ते मला कळलं होतं. तिचं झाड इतकी वर्षं कुणी जगवलं, हे सांगायचं अजून राहिलं होतं.

"रागावू नका," मी म्हटलं, आणि शेतातल्या रांगांपासून सुरुवात केली.