तुलनेचं रान

सोयाबीन काढल्याबरोबर त्याच रानात मका घ्यायचा, आणि कमी खतात जास्त पिकवून दाखवायचा, असा संशोधक बाईंचा प्रयोग होता. त्यासाठी त्यांनी दोन सख्खे भाऊ निवडले. माती एक, पाणी एक, मधे फक्त बांध. थोरल्यानं नव्या पद्धतीनं करायचं: नांगरट नाही, धसकटं तशीच ठेवायची, ओळी जवळजवळ, खत थोडं थोडं आणि मुळाशी. धाकट्यानं नेहमीसारखं.

"म्हणजे मी नक्की काय करायचं?" धाकट्यानं विचारलं.

"काहीच वेगळं नाही. तुमचं रान तुलनेसाठी."

दोन्ही रानांत पाट्या लागल्या. थोरल्याच्या पाटीवर 'सुधारित', धाकट्याच्या 'पारंपरिक'.

"दादा शहाणा दिसावा म्हणून मी वेडा ठरायचं होय!" धाकटा घरी येऊन तणतणला.

"मग ठरू नका," बायको म्हणाली. "बांध म्हणजे काही भिंत नाही."

झालं. थोरल्यानं पेरलं, की दुसऱ्या दिवशी धाकट्याची पेरणी. थोरला खत द्यायला लागला, की धाकटा शेळी शोधायला बांधावर. शेळी त्याच्याकडे कधीच नव्हती. थोरल्याला सगळं दिसत होतं, पण धाकटा आपलंच बघून शिकतोय याचं त्याला इतकं बरं वाटलं, की तो बायकोला उगाच मोठ्यानं हाक मारून सांगायचा, "अगं, उद्या खताचा दुसरा हप्ता!"

बाई मात्र मधल्या काळात फिरकल्या नाहीत. मुख्य कार्यालयात शाश्वत शेतीवर बैठका चालल्या होत्या.

काढणीला त्या आल्या. दोन्हीकडची कणसं वीतभर लांब, दाण्यांनी गच्च. वजन केलं, तर उन्नीस-बीसचाही फरक नाही. दोघांचंही गेल्या वर्षीच्या जवळपास दीडपट. बाईंनी धाकट्याच्या रानातही सोयाबीनची धसकटं तशीच बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, तुम्हाला जुन्या पद्धतीनं करायला सांगितलं होतं ना?"

"तसंच केलं की, मॅडम. शेजारी काय करतोय ते बघून करायचं, ही आमची सगळ्यात जुनी पद्धत."

बाईंनी मुख्य कार्यालयातल्या साहेबांना परोपरीनं सांगितलं, "सर, दोघांचंही पीक वाढलंय."

"ते ठीक आहे, पण फरक कुठंय?" साहेब म्हणाले. दोन पद्धतींत फरक आढळत नाही, असा शेरा पडला आणि प्रयोग गुंडाळला गेला.

पाट्या काढायला बाई स्वतःच आल्या. त्यांचा उतरलेला चेहरा धाकट्याला बघवेना.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या खेपेला नवीन मला द्या, जुनं दादाला. बघा कसा फरक पडतो!"

"पडू देतो होय!" बांधापलीकडून थोरला म्हणाला.