गोड्या पाण्याची साय

बेटावर हवामान साक्षरतेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होणार असं कळलं, तेव्हा पंपवाली मावशी नाक मुरडून म्हणाली, "समुद्र आमच्या उंबऱ्याला लागलाय, आणि तो वाढतोय हे सांगायला माणसं बोटीतून येणार."

बेटाचा पंप अठरा वर्षं तिच्या हातात होता. बेटाला ना नदी, ना ओढा. मधल्या उंचवट्यावर एक मोठी विहीर होती. तिचं पाणी पंपाने टाकीत चढायचं आणि टाकीतून नळांना जायचं. शिवाय जुन्या घरांच्या मागे लहान विहिरी होत्या. त्यांतल्या निम्म्या गेल्या दोन वर्षांत खारट झाल्या होत्या. पंपाचं डिझेल इंजिन रुसलं तर त्याची समजूत फक्त मावशीला काढता यायची, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

बेटाच्या पंचायतीच्या अध्यक्षांनी हुकूम सोडला की प्रत्येक घरातून एक माणूस आलंच पाहिजे. म्हणून मावशी गेली आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसली.

मुख्य प्रशिक्षकांनी आल्या आल्या शाळेच्या हॉलमध्ये भलामोठा पांढरा पडदा लावला. दुपारपर्यंत त्यांचं नाव पडदेवाले साहेब पडलं होतं. आधी त्यांनी वीस प्रश्नांचा कागद वाटला. हरितगृह वायू कोणते, अमुक करार कुठे झाला, असले प्रश्न. मावशीला दोन मार्क पडले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्याला तीन पडले, कारण एका ठिकाणी त्याने चुकून बरोबर खूण केली होती. वाऱ्याचा नुसता वास घेऊन बोट काढायची की नाही ते ठरवणारा हा माणूस कागदोपत्री अडाणी ठरला.

मग पडद्यावर बर्फ आला आणि बर्फावर पांढरं अस्वल आलं. साहेब हळहळले. अस्वलाचं घर वितळतंय, म्हणाले. नावाड्याचं घर मागच्या वर्षी भरतीने दोन खोल्यांनी कमी झालं होतं. तो अस्वलाकडे सहानुभूतीने बघत राहिला. गरज नसताना पंखे बंद ठेवा, असं साहेबांनी सांगितलं. बेटावर वीज दिवसाला सहा तास यायची. पंखा बंद ठेवायचं काम वीज मंडळ न सांगता करत होतं.

दुसऱ्या दिवशी लोकरीच्या गुंड्याचा खेळ झाला. सगळ्यांना गोल उभं करून एकमेकांकडे धागा फेकायला लावला. निसर्गात सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, हे त्यातून समजायचं होतं. समजलं एवढंच की दोन आज्या धाग्यात अडकल्या आणि कात्री आणावी लागली. दुपारी 'पाणी वाचवा' हे सत्र झालं. त्यात प्रत्येकाला प्लास्टिकच्या दोन-दोन बाटल्या मिळाल्या, बोटीने आणलेल्या.

तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचाच कागद पुन्हा दिला. या वेळी साहेबांनी आधी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. मावशीला वीसपैकी वीस पडले. रात्रीच्या जेवणात काय घालायचं याचा विचार करत तिने सगळ्या खुणा केल्या होत्या. त्यानंतर प्रमाणपत्रं आणि त्यानंतर फोटो. अध्यक्ष मधोमध उभे राहिले आणि हॉल रिकामा झाला.

साहेबांच्या ताफ्यात पन्नाशीची एक बाई होती. पाणी तपासणं हे तिचं काम. तीन दिवस ती कोपऱ्यात पेटी मांडीवर घेऊन बसली होती. फोटो संपल्यावर ती एकटीच पंपघराकडे आली. बोट सुटायला तासभर होता, म्हणाली, पाण्याचा नमुना घेते. मावशीने मानेनेच हो म्हटलं.

बाईने नळाखाली बाटली धरली, त्यात यंत्राची नळी बुडवली आणि आकड्याकडे बघून विचारलं, "पंप किती तास चालतो?"

"नऊ. पूर्वी तीन चालायचा."

"पूर्वी म्हणजे कधी?"

"अध्यक्षांच्या मेव्हण्याचं लॉज व्हायच्या आधी. तिथे पोहायचा तलाव आहे."

बाई पंपघराच्या पायरीवर बसली. "दुधावर साय धरते ना, तसं तुमच्या बेटाखाली गोडं पाणी आहे," ती म्हणाली. "पाऊस मुरतो आणि वर तरंगत राहतो. खाली सगळा समुद्र. हलक्या हाताने काढलं तर साय येते. ओरबाडलं की फाटते, आणि खालचं खारं वर येतं."

"म्हणजे विहिरी समुद्र वाढल्यामुळे खारट झाल्या नाहीत?"

"समुद्र वाढतोयच. पाऊसही बेभरवशाचा झालाय. म्हणजे साय आधीच पातळ धरते. म्हणून तर जास्त जपायची. समुद्र तुम्हांला थांबवता येणार नाही, पंप येईल."

मावशीने नळ घट्ट बंद केला. मग तिने विचारलं, "हे हॉलमध्ये का नाही सांगितलंत?"

"माझी वीस मिनिटं होती," बाई पेटी बंद करत म्हणाली. "ती फोटोत गेली."

बोट गेली. मावशी इंजिनासमोर स्टुलावर बसून राहिली. तीन दिवस दुसऱ्यांना हसून तिचं तोंड दुखलं होतं. आता तिला स्वतःचंच तोंड बघवेना. कारण हेच तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं. तिची थोरली नणंद. तिचं घर मोठ्या विहिरीच्या उतारावर होतं. दोन वर्षांपूर्वी ती नळावर चार बायकांत म्हणाली होती, तुझा पंप माझी विहीर पितोय. आणि मावशीने तिला तिथल्या तिथे उडवलं होतं. वन्सं, पंपाचं तुम्हांला काय कळतं, घागरीचं बघा. बायका हसल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

नऊ तास पंप चालवताना मावशीला कधी शंका आलीच नव्हती असं नाही. पण लॉज सुरू झालं त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती, तलावाचा नळ तिच्या हस्ते उघडला होता, आणि मेव्हणा सगळ्यांदेखत म्हणाला होता की मावशी आहे म्हणून बेट आहे. तेवढ्यावर ती दोन वर्षं फुगून होती. साहेबांचं अस्वल निदान खरं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण ती आजवर फक्त इतरांना लावत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नणंदेच्या दारात गेली. "वन्सं, तुमचं खरं होतं," एवढंच म्हणाली, आणि सायीचं सगळं सांगितलं.

नणंद धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. "शिकलेल्या बाईने सांगितलं तेव्हा पटलं होय," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने सूप बाजूला ठेवलं. "मग आता करणार काय आहेस? की नुसतीच सांगायला आलीस?"

मावशीने त्याच दिवशी तीन तासांनंतर पंप बंद केला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तलावाची पातळी उतरल्यावर अध्यक्ष आले. ते रागावले नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्या माणसासारखे बोलले. समुद्राची पातळी वाढतेय, म्हणाले, हा जागतिक प्रश्न आहे, मावशी. आपल्या हातात काय आहे?

मावशीला तेव्हा कळलं की तीन दिवसांत बेटावर एकच माणूस खरा साक्षर झाला. त्याला हात झटकायला कारण सापडलं होतं.

"माझ्या हातात किल्ली आहे," ती म्हणाली.

अध्यक्षांनी दुसरा माणूस बसवायची धमकी दिली आणि कुलूप तोडून खरोखर एक मेकॅनिक आणलाही. इंजिनाने त्याला दीड दिवस झुलवलं. तोवर नणंदेने घरोघर जाऊन सायीची गोष्ट सांगितली होती. प्रत्येक घरी अध्यक्षांना दोन शिव्या जादा घालून. शेवटी पंपासाठी सभा बोलवावी लागली, त्या दिवशी खारट विहिरींच्या घरच्या बायका आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आल्या आणि अध्यक्षांच्या टेबलावर एकेक ग्लास भरून ठेवत गेल्या. प्या, म्हणाल्या. त्यांनी एक घोट घेतला आणि बाकीचे ग्लास मेव्हण्याकडे सरकवले. मेव्हण्याने हात लावला नाही. पंप चार तास चालेल, तलाव बंद, असं ठरलं.

दोन पावसाळे गेले. नणंदेच्या विहिरीचं पाणी अजून पिण्याजोगं झालेलं नाही. भांडी घासायला चालतं. प्रशिक्षणाचा छापील अहवाल मात्र सहा महिन्यांतच आला होता: बेटाची साक्षरता चौदा टक्क्यांवरून शहाण्णव टक्क्यांवर गेली आहे. त्यात पाण्याच्या बाईचं नाव नव्हतं, आणि विहिरींबद्दल एक ओळ नव्हती.

नणंद रोज पंप सुरू व्हायच्या वेळी घड्याळ घेऊन पायरीवर येऊन बसते. चार तास झाले की आत डोकावते आणि इंजिन बंद झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघते, मगच घरी जाते. सगळं मिटल्यावर आता कशाला, असं लोक विचारतात. नणंद म्हणते, तिचा मला भरवसा नाही. मावशी हे आतून ऐकते आणि किल्ली कमरेला खोचते.