कौशल्येच्या मुंगवड्या

कौशल्या, माझी बायको, वैशाखात गेली. जायच्या पंधरा दिवस आधी तिने गच्चीवर मुंगवड्या घातल्या होत्या. वाळल्यावर बरणीत भरल्या. त्यातली एकही मी शिजवू दिली नाही. रोज आंघोळ झाली की बरणी उघडायची, एक वडी हातात घेऊन वास घ्यायचा, परत ठेवून फडकं धाग्याने बांधायचं, एवढंच. गाठ मी मारायचो ती विणकराची, मागावर तुटलेला धागा सांधतात ती. उमरेडला चाळीस वर्षं माग चालवला, माझी गाठ मी अंधारातही हाताने ओळखतो.

अश्विनात एका सकाळी बरणीला दुसरीच गाठ होती.

धर्मेंद्र, माझा मुलगा, पहाटेच कळमन्याच्या बाजारात कामाला जातो. घरात मी आणि सून मिनल. मयतीच्या दिवशी सगळ्या बाया रडत होत्या, हिचे डोळे कोरडे होते. ते मी विसरलो नव्हतो. बोलणंही कोरडंच. जेवता का, औषध घेतलं का, संपलं.

जेवताना मी म्हटलं, "मुंगवड्या नाही केल्या कधी?"

"कराच्या का?"

"नाही. सहज विचारलं."

तिने मान खाली घातली. मला तेही खटकलं. वड्या माहेरी पोचवते की काय? त्या संपल्या की कौशल्येच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेत जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरून परतलो. बरणी जागेवर नव्हती. गच्चीचं दार उघडं दिसलं, तसा जिना चढलो.

गच्चीवर कौशल्येचं जुनं पातळ अंथरलं होतं. त्यावर वड्या. मिनल एकेक पुसून उन्हात ठेवत होती.

"काहून वं, चोरून?"

ती दचकली. "चोरून नाही त काय करू? तुमी हात लावू दिला असता काय?"

"पण काढल्या काहून?"

"बुरशी धरून राहिली, मामाजी. रोज आंघोळ करून येता अन् ओलाच हात घालता. मले दिसते नं."

मी हातांकडे पाहिलं. खरं होतं.

"तुमची गाठ तेवढी जमत नाही," ती म्हणाली. "तीन खेपा बांधून पाहिली."

मी धोतराला हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले, आणि वड्या पुसायला बसलो. उन्हं उतरल्यावर बरणी भरली. फडकं तिला बांधायला लावलं. धागा कुठून वळवायचा ते मी सांगत होतो.